डोंगरी सायकल आणि मोडीत निघालेले भाग

घरातली वस्तू जुनी झाली म्हणजे आधी ती अडगळीत जाते, आणि तिथून भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाण्याचे तिने चुकवले तर पुढे कधीतरी ती 'दुर्मिळ' ठरते. पितळी बंब, कर्ण्याचा ग्रामोफोन, पायलीची मापे यांचा हा प्रवास आपण घरोघर पाहिला आहे. बंबाला माळ्यावरून दिवाणखान्यात उतरावयास दोन पिढ्या लागल्या. आज जिच्याविषयी सांगावयाचे आहे ती वस्तू जन्माला येऊन जेमतेम पन्नास वर्षे होत आहेत. आणि तरीही तिच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतले सुटे भाग मिळवण्यासाठी अमेरिकेत, इंग्लंडात, जर्मनीत चांगली शहाणीसुरती, मिळवती माणसे जुने बाजार पालथे घालीत असतात. ही वस्तू म्हणजे डोंगरी सायकल, म्हणजेच माउंटन बाइक. शोध चालतो तो एखाद्या अंगठ्याने सरकवायच्या गिअरच्या दांडीचा, हरणाचे तोंड कोरलेल्या एखाद्या अॅल्युमिनियमच्या तुकड्याचा, किंवा जिने कधीच धड काम केले नाही अशा एखाद्या ब्रेकचा. आता हे वेड आहे की त्यात काही अर्थ आहे, हे ठरवावयाचे तर प्रथम ते भाग काय होते आणि ते गेले का, हे समजून घेतले पाहिजे.

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नावाचा जिल्हा आहे. तेथे माउंट टॅमलपाइस म्हणून एक डोंगर आहे. त्याची उंची अडीच हजार फुटांहून थोडी अधिक. आपला सिंहगड समुद्रसपाटीपासून त्याहून पुष्कळ उंच आहे, तेव्हा 'पर्वत' ही पदवी त्याला थोडी सैल हातानेच दिलेली म्हणावयाची. या डोंगरावर वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी कच्चे रस्ते काढलेले आहेत. १९७० नंतरच्या वर्षांत तेथील काही तरुणांना या रस्त्यांवरून सायकलीने खाली येण्याचा नाद लागला. त्यांतले बरेचसे एरवी शर्यतीच्या सडपातळ सायकली चालवणारे होते. परंतु त्या सायकली दगडधोंड्यांत टिकत ना. म्हणून त्यांनी जुन्या मालाच्या दुकानांतून आणि लोकांच्या परसांतून १९३०-४० च्या काळातल्या अवजड सायकली उचलून आणल्या. श्विन कंपनीची 'एक्सेल्सिअर' ही त्यांची विशेष आवडती. श्विनने १९३३ मध्ये शाळकरी मुलांसाठी जाड, फुगीर टायरांची सायकल काढली होती, त्या कुळातली ही. वजन वीस किलोच्या आसपास, गिअर नाही, आणि ब्रेक एकच, तोही मागच्या चाकाच्या हबमध्ये.

या ब्रेकविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या नेहमीच्या सायकलीचे पायडल उलटे फिरवले तर ते नुसते फिरते, फ्रीव्हील कटकट वाजते, आणि काही होत नाही. या हबमध्ये मात्र पायडल मागे दाबले की आतील धातूचे भाग एकमेकांवर दाबले जाऊन चाक अडते. हे सारे ग्रीसमध्ये बुडलेले असते. सपाट गल्लीत पेपर टाकत फिरणाऱ्या मुलाला हा ब्रेक उत्तम. पण फेअरफॅक्स गावाजवळच्या एका रस्त्यावर दोन मैलांत तेराशे फुटांचा उतार होता. तो उतरताना हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर होऊन निघून जाई. खाली पोहोचल्यावर हब उघडायचा, नवे ग्रीस भरायचे, तेव्हा कुठे पुढची फेरी. 'पुन्हा भरणे' याला इंग्रजीत जो शब्द आहे तोच त्या रस्त्याचे नाव होऊन बसला: रिपॅक. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे पहिली शर्यत झाली. चार्ली केली हे संयोजक होते. पुढे गॅरी फिशर यांनी हा उतार चार मिनिटे बावीस सेकंदांत उतरून दाखवला आणि जो ब्रीझ त्यांच्या दोनच सेकंद मागे राहिले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्या जुन्या भागांसाठी आज माणसे हळहळतात, त्या सायकलीचा जन्मच मुळी इतरांनी टाकून दिलेल्या भागांतून झाला. चाळीस वर्षांपूर्वीचा सांगाडा घ्यायचा, त्याला मोटारसायकलीचे ब्रेकचे हात लावायचे, दुसऱ्या कुठल्या सायकलीचे गिअर बसवायचे, दोघांनी चालवायच्या जोडसायकलीचे ब्रेक आणून जोडायचे, असा तो सारा प्रकार होता. या मंडळींना जुन्याचा लोभ नव्हता. त्यांना हवे तसे नवे बाजारात मिळत नव्हते, एवढेच. मिळू लागताच त्यांनी जुने सांगाडे भिंतीला टेकवून ठेवले आणि मागे वळून पाहिले नाही.

नवे केले तेही त्यांनीच. जो ब्रीझ सायकलींचे सांगाडे बांधण्यात वाकबगार होते. १९७७ मध्ये त्यांनी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांचा नवा सांगाडा बांधला. ठेवण जुन्या श्विनचीच, परंतु भाग नवे. ती पहिली सायकल आज वॉशिंग्टनला अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये टॉम रिची यांनी बांधलेले सांगाडे घेऊन फिशर आणि केली यांनी 'माउंटनबाइक्स' नावाची लहानशी कंपनी काढली. नाव इतके चपखल की ते त्यांना स्वतःपुरते राखताच आले नाही, साऱ्या जातीचेच होऊन बसले. आणि १९८१ मध्ये माइक सिनयार्ड यांच्या स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये करवून घेतलेली 'स्टंपजंपर' बाजारात आणली, तेव्हा ही सायकल कारागिराच्या हातून निघून कारखान्यात गेली. तिच्या भागांची यादी वाचली तर गंमत वाटते: क्रँक आणि ब्रेक फ्रान्सचे, गिअर जपानच्या सनटूरचे, ब्रेकचे हात इटलीच्या मोटारसायकलींचे. निरनिराळ्या गावांच्या वऱ्हाडी मंडळींना एका पंक्तीला बसवावे तसा तो मेळ होता. पण जेवण व्यवस्थित पार पडे, हे महत्त्वाचे.

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, जपानच्या शिमानो कंपनीने या सायकलीसाठीच मुद्दाम बनवलेला भागांचा पहिला संपूर्ण संच काढला. त्याचे नाव डिओरे एक्सटी. हरणाचे तोंड कोरलेला तो हाच संच. जुन्या भागांच्या शौकिनांत याला केवळ 'हरणाचे डोके' म्हटले की पुरते.

आता गिअरकडे वळू. सारी कथा तेथेच आहे.

गिअरच्या सायकलीला मागच्या चाकावर लहानमोठी दातेरी चाके एकाशेजारी एक बसवलेली असतात. साखळी एकावरून उचलून दुसऱ्यावर टाकणारी जी यंत्रणा, तिला डिरेल्युअर म्हणतात; रुळावरून उतरवणारी, असा तिचा अर्थ. तिला एक स्प्रिंग असते आणि एक तार असते. तार ओढली की यंत्रणा एका बाजूला सरकते, तार सैल सोडली की स्प्रिंग तिला परत आणते. तारेचे दुसरे टोक हँडलवरच्या दांडीला बांधलेले. ही दांडी अंगठ्याने ढकलायची. आता प्रश्न असा की अंगठा काढल्यावर स्प्रिंग दांडीला परत का ओढीत नाही? तर दांडीच्या बुडाशी एक चकती आवळलेली असते, तिच्या घर्षणाने दांडी जिथल्या तिथे राहते. किती ढकलायची हे चालवणाऱ्याने कानाने ठरवायचे. साखळी खरखरली की थोडी मागे, गप्प झाली की बरोबर. सतारीची तार लावण्यासारखेच हे काम. सनटूरने यात एक सुंदर सुधारणा केली होती. त्यांच्या दांडीत बारीक दातांचे एक चाक आणि त्यावर पडणारी खिटी बसवलेली होती, त्यामुळे ओढताना घर्षणाशी झगडावे लागत नसे आणि सोडल्यावर दांडी घसरत नसे. ती दांडी सरकवताना जी नाजूक टिकटिक होते, तिच्या आठवणीने आज साठीला आलेली माणसे हळवी होतात.

सनटूरची खरी देणगी मात्र त्याहून मोठी होती. मागची दातेरी चाके लहानापासून मोठ्यापर्यंत उतरत्या छपरासारखी लागलेली असतात. जुन्या डिरेल्युअर या छपराखालून आडव्या सरकत. म्हणजे मोठ्या चाकाजवळ असताना अंतर कमी आणि लहान चाकाजवळ गेल्यावर अंतर जास्त. अंतर वाढले की साखळी आळसावते, सांगितले तरी उडी मारत नाही. सनटूरने १९६४ मध्ये ही यंत्रणाच तिरपी बसवली. ती छपराच्या उताराला समांतर सरकू लागली आणि अंतर सर्वत्र सारखे राहिले. कल्पना इतकी साधी की आधी कोणाला कशी सुचली नाही याचे नवल वाटावे. वीस वर्षे सनटूरपाशी तिचे पेटंट होते. १९८४ मध्ये ते संपले.

आणि त्याच सुमारास शिमानोने डाव टाकला. तिरपी यंत्रणा तर आता कोणालाही वापरता येत होती. शिमानोने तिच्या जोडीला दांडीत ठरावीक खाचा केल्या. एक 'खट्' म्हणजे तार नेमकी इतकी सरकणार, साखळी नेमकी एक चाक ओलांडणार. कान नको, सराव नको. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलींवर ही सोय आधी आली आणि १९८७ च्या सुमारास डोंगरी सायकलींवर. सनटूरने घाईघाईने आपली खाचांची दांडी काढली, परंतु ती तितकी बिनचूक नव्हती. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जपानमधली ती जुनी सनटूर संपल्यात जमा झाली. नाव तेवढे दुसऱ्या कंपनीच्या नावात शिल्लक आहे. ती आता मुख्यतः स्प्रिंगचे चिमटे बनवते.

खाचांच्या दांडीने चालवणाऱ्याला सुख दिले हे खरेच. पण त्याबरोबर एक गोष्ट अशी बदलली की तिची किंमत पुष्कळांच्या पुढे ध्यानात आली. घर्षणाच्या दांडीला कोणाचेही डिरेल्युअर चाले, मागे पाच चाके असोत की सात. खाचांच्या दांडीला मात्र तिच्याच घरचे डिरेल्युअर, तिच्याच मापाची चाके, तिचीच साखळी, आणि तारही तिच्या पसंतीची लागते. एक भाग बदलला की बाकीचे रुसतात. म्हणजे सर्व गावांची पंक्ती मोडली आणि एकाच घरचे जेवण सुरू झाले. सायकल बनवणाऱ्या कंपन्यांनी संपूर्ण संच घ्यावा म्हणून शिमानो सवलती देत असे, अशी तक्रार करून शिकागोच्या स्रॅम या नव्या कंपनीने १९९० मध्ये कोर्टात दावा लावला; पुढच्या वर्षी तो आपसात मिटला. आज या व्यापारात या दोन कंपन्यांचाच दबदबा आहे.

शिमानोच्या त्या पहिल्या खाचांच्या दांड्यांवर एक कडे असे. ते फिरवले की खाचा बंद होत आणि दांडी पुन्हा जुन्या घर्षणाच्या रीतीने चाले. डोंगरात पडझड होऊन यंत्रणा वाकली, खाचा चुकू लागल्या, तर कडे फिरवायचे आणि कानाने घरी यायचे. मला वाटते, या एका कड्यात त्या काळातले सारे शहाणपण आहे. नव्याची खात्री असूनही त्यांनी जुन्याची वाट उघडी ठेवली होती. १९९० च्या सुमारास दांड्या गेल्या आणि हँडलखाली बसवलेल्या बंद डबीतली बटणे आली. तेव्हा ते कडे गेले. आणि काळाने या डब्यांवर सूडच उगवला. आतले ग्रीस वर्षानुवर्षे पडून डिंकासारखे घट्ट होते, आणि तीस वर्षांपूर्वीची ती बटणे दाबली तर आत काहीच पकडत नाही. तेल फवारून ती कधी जिवंत होतात, कधी होत नाहीत. त्यांच्याहून जुनी साधी दांडी मात्र एका स्क्रूड्रायव्हरने उघडते, पुसता येते, आणि चालते. म्हणूनच तिला बाजारात भाव आहे.

एवढ्यावरून जुने ते सारे सोने असे कोणी समजू नये. त्या काळातल्या कित्येक वस्तू निव्वळ वाईट होत्या आणि गेल्या हे बरे झाले. १९८६ च्या सुमारास कोणाच्या मनात आले की मागचा ब्रेक सीटखालून काढून खाली, पायडलांच्या मागे, नळ्यांच्या पोटाशी बसवावा. दिसावयास सुबक. पण डोंगरात चिखल कुठे उडतो याचा विचार केलेला दिसत नाही. सायकलीवरची सगळी घाण ज्या जागी साठते नेमकी तीच जागा त्यांनी निवडली, आणि चाक बसवणे-काढणेही अवघड करून ठेवले. चार-पाच वर्षांत हा प्रकार आटोपला. पुढचे दातेरी चाक वाटोळे न ठेवता किंचित लांबट करण्याचा प्रयोग शिमानोने १९८३ मध्ये केला. त्यात लंबगोलाची दिशा पूर्वीच्या प्रयोगांच्या उलट होती. पायांना लय सापडत नाही, गुडघे दुखतात, अशा तक्रारी होऊन तो मागे पडला. लंबगोल चाके आता दुसऱ्या दिशेने पुन्हा आली आहेत. धक्के शोषणारा पुढचा चिमटा रॉकशॉक्स कंपनीने १९८९ मध्ये आणला आणि डोंगर उतरणे सुसह्य झाले. त्याच्या मागोमाग कोणी आत रबरासारख्या ठोकळ्यांची रास घातलेले चिमटेही काढले. थंडीत ते ठोकळे दगड होत, आणि आज उघडले तर भुगा होऊन हातात येतात. जांभळ्या रंगाने झगझगणाऱ्या हलक्या सुट्या भागांची एक साथ १९९० नंतर येऊन गेली, तिच्याविषयी न बोलणे बरे.

ब्रेकबद्दल तर वादच नको. जुने ब्रेक दोन्ही बाजूंच्या भुजा एका आडव्या तारेने जोडून वर ओढण्याचे असत. ते बरोबर लावणे ही एक कला होती, आणि पावसात ती कलाही उपयोगी पडत नसे. १९९६ मध्ये लांब भुजांचे, तार थेट आडवी ओढणारे ब्रेक आले, आणि पुढे चकतीचे ब्रेक. जो माणूस उतारावर एकदा जुन्या आणि एकदा नव्या ब्रेकने उतरला आहे त्याने 'जुने दिवस' म्हणून उसासा टाकला, तर त्या दिवशी पाऊस नव्हता असे समजावे.

चाकांची कथा मात्र निराळी आहे. तिच्यात लोकांची तक्रार मला पुष्कळशी रास्त वाटते. रिपॅकवरच्या त्या श्विन सायकलींची चाके २६ इंची होती, म्हणून डोंगरी सायकलीही २६ इंची झाल्या. शास्त्र काही नाही, वारसा. हे '२६ इंच' म्हणजे टायर फुगवल्यावरचे ढोबळ माप. रिमवर टायर जेथे बसतो तेथला व्यास ५५९ मिलिमीटर. इंग्रजी पद्धतीच्या सडपातळ टायरालाही २६ इंचीच म्हणतात आणि त्याचा व्यास ५९० मिलिमीटर असतो, त्यामुळे नावावर विसंबून टायर आणणाऱ्याला दुकानात दुसरी फेरी मारावी लागते. तीस वर्षे हे ५५९ चे माप जगभर चालले. मग २००० नंतर मोठ्या चाकाची टूम निघाली: २९ इंच. मोठे चाक दगडावरून सहज जाते, यात खोटे काही नाही. त्याचे रिम मात्र शर्यतीच्या सायकलीचेच जुने ६२२ चे. मग मधले माप म्हणून २७.५ इंच आले, आणि ते म्हणजे फ्रान्समधले जवळजवळ विसरले गेलेले ५८४ चे माप. म्हणजे ज्याला जुने म्हणून हाकलले ते आणि ज्याला नवे म्हणून बसवले ते, दोन्ही आजोबाच. पण पाच-सहा वर्षांत चांगल्या प्रतीच्या नव्या २६ इंची सायकली दुकानांतून दिसेनाशा झाल्या, आणि ज्याच्याकडे उत्तम सांगाडा धडधाकट उभा होता त्याला चांगला चिमटा आणि रिम मिळण्याची पंचाईत झाली. त्याची सायकल बिघडली नव्हती. ती फक्त एकाकी पडली होती.

येथे त्या हळव्या माणसांच्या मनातले दोन धागे निरनिराळे करता येतात. एक धागा तारुण्याचा आहे. आपण वीस वर्षांचे होतो, ढोपरे फुटत होती, आणि सायकलीचे नाव अमुक होते. त्या नावावर प्रेम करणे म्हणजे स्वतःच्या ढोपरांवर प्रेम करणे. त्यात वाईट काही नाही, पण त्यावरून यंत्राची परीक्षा करता येत नाही. दुसरा धागा निराळा आहे. ती सायकल डोळ्यांना दिसत असे. तार कुठून निघते, कुठे जाते, काय ओढते हे सारे उघड्यावर होते; एका पिशवीत मावतील इतक्या पान्यांनी ती सारी सुटी होई आणि पुन्हा जुळे. आज मागे बारा दातेरी चाके आहेत, सर्वांत मोठ्याला एकावन्न दात आहेत, पुढे एकच चाक पुरते, आणि चढ इतका सोपा झाला आहे की जुन्या मंडळींना त्याचा हेवा वाटावा. पण कित्येक महागड्या सायकलींत गिअरची तारच राहिलेली नाही. तेथे बॅटरी आहे. बॅटरी उतरली की गिअर असेल त्या जागी थांबतो, आणि कानाने ऐकावयास काही उरत नाही.

आपल्या पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत, आणि ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना या दुसऱ्या धाग्याची फार फोड करून सांगावी लागणार नाही. कॉटर पिन ठोकून बसवणारा, छर्रे रॉकेलमध्ये धुऊन परत मांडणारा, आऱ्यांवर बोट फिरवून चाकातला बाक ओळखणारा दुकानदार प्रत्येक पेठेत होता. त्याला कोणत्याही कंपनीची सायकल चाले, कारण साऱ्या सायकली एकमेकींच्या भागांवर जगत. कर्वेनगरात एका हौशी संग्राहकाने उभारलेले सायकलींचे संग्रहालय आहे. तेथे जुन्या सायकलींबरोबर जुनी हत्यारेही मांडलेली आहेत. ज्यांना सवड असेल त्यांनी ती हत्यारे जरूर पाहावीत.

मरीन जिल्ह्यात, रिपॅकच्या पायथ्याच्या त्याच फेअरफॅक्स गावात, २०१५ मध्ये असेच एक संग्रहालय उघडले. ते उभारणाऱ्यांत जो ब्रीझ हेही आहेत. आणि मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली आहे: अंगठ्याच्या दांड्या पुन्हा बनू लागल्या आहेत. अमेरिकेतील एक लहान कारखाना शर्यतीच्या सायकलीची दांडी हँडलवर बसवता यावी म्हणून तिच्यासाठी कडी घडवतो, आणि तैवानची एक कंपनी नव्या गिअरांना चालतील अशा नव्या दांड्याच करते. त्यांतल्या काहींना घर्षणाने चालवण्याची सोयही ठेवलेली आहे.